वेस, नाका, टोल : आपल्या रस्त्याची गोष्ट

सोलापुरात पत्ता सांगायचा तर आधी नाका सांगावा लागतो. जुना पुणे नाका, जुना तुळजापूर नाका, जुना बोरामणी नाका, अक्कलकोट नाका आणि आपला विजापूर नाका. रिक्षावाल्याला एवढं सांगितलं की त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला, "नाक्याच्या अलीकडं का पलीकडं ओ?" गेली पंचवीस वर्षं आपण सगळे "पलीकडं" असंच उत्तर देत आलो आहोत.

पण नाका म्हणजे काय, हे आपल्या मुलांना विचारून बघा. कोणी म्हणेल सिग्नल, कोणी म्हणेल रिक्षा स्टॉप, कोणी म्हणेल वडापावच्या गाड्या लागतात ती जागा. त्यांचं काही चुकत नाही. त्यांनी नाका पाहिलेलाच नाही, नुसतं नाव ऐकलं आहे. आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याचं नावसुद्धा विजापूर नाका पोलीस ठाणे. नाका गेला, नाव राहिलं.

सोसायटीचा इतिहास अध्यक्ष आणि सचिवांच्या मनोगतात आलाच आहे. जागा कशी मिळाली, पहिला स्लॅब कधी पडला, टँकरचे दिवस कसे काढले, हे त्यांच्याइतकं चांगलं कोणी सांगू शकणार नाही. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, म्हणून जरा मागे जातो आणि ज्या रस्त्याच्या कडेला आपण घरं बांधली त्या रस्त्याबद्दल, आणि त्यावर वेळोवेळी कोणी कोणाला अडवून पैसे घेतले त्याबद्दल लिहितो.

वेशीतलं गाव

आपल्या शहराला एकेकाळी तट होता. भुईकोट किल्ल्याचा तट वेगळा, तो अजून उभा आहे. मी म्हणतो तो गावाचा तट. त्याला दरवाजे होते, त्यांना वेस म्हणत. बाळीवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस, पाणीवेस, कुंभार वेस ही नावं आजही आपल्या तोंडात आहेत. १८७२ च्या सुमारास नगरपालिकेने तटाचा बराच भाग पाडला, कारण गाव आत मावेना. तट गेला तरी वेशी मात्र पत्त्यात शिल्लक राहिल्या.

या नावांमध्ये एक गंमत आहे. विजापूर वेस विजापुरात नाही, सोलापुरात आहे. तुळजापूर वेसही सोलापुरातच. गावाने आपल्या दारांना स्वतःचं नाव दिलं नाही, त्या दारातून जिकडे जायचं आणि जिकडून पाहुणा यायचा त्या गावाचं नाव दिलं. बाळीवेशीतून बाहेर पडलं की बाळे, म्हणजे खंडोबाचं बाळे. पुढे जेव्हा नाके आले तेव्हाही हीच पद्धत चालू राहिली. पुणे नाका, बोरामणी नाका, अक्कलकोट नाका, सगळी नावं दुसऱ्या गावांची.

आणि ते साहजिकच होतं. सोलापूर हे मुळात चौकाचं गाव आहे. पश्चिमेला पुणे, पूर्वेला हैदराबाद, उत्तरेला तुळजापूर आणि पुढे मराठवाडा, दक्षिणेला विजापूर. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर या चार ठिकाणांची वारी ज्याला करायची आहे, त्याचा पाय सोलापुराला लागतोच. म्हणून तर निजामशाही आणि आदिलशाही या दोघांनाही हा किल्ला हवा होता. लग्नात आंदण म्हणून सोलापूर द्यायचं का नाही यावरून त्यांच्यात लढाया झाल्या. किल्ल्याच्या भिंतींपेक्षाही किल्ल्यावरून जाणाऱ्या वाटांची किंमत जास्त होती. वाट हातात असली की जकात हातात.

हुंडेकरी आणि लमाण

जकात हा शब्द आला अरबीतून, जुन्या राजवटींबरोबर. मराठेशाहीत तो दप्तराचा शब्द झाला. पेशवाईत एका गावाहून दुसऱ्या गावाला माल न्यायचा तर वाटेत जागोजागी जकातीची ठाणी असत. माल भरला तिथे एक, वाटेत एक, उतरवला तिथे एक, असं देणं द्यावं लागे. जकात वसुलीचा मक्ता दिला जाई. मक्तेदार सरकारात ठरलेली रक्कम भरणार आणि वाटेवर जमेल तेवढं वसूल करणार. व्यापाऱ्याला प्रत्येक ठाण्यावर थांबून घासाघीस करणं परवडायचं नाही. म्हणून एक वेगळा धंदा उभा राहिला, हुंडेकऱ्यांचा. हुंडेकरी व्यापाऱ्याकडून एकच ठोक रक्कम घ्यायचा आणि वाटेतली सगळी जकात आपण भागवून माल मुक्कामी पोचवायचा. ठाणेदारांशी त्याची ओळख असायची, दर त्याला पाठ असायचे. आजच्या भाषेत सांगायचं तर हुंडेकरी म्हणजे त्या काळचा ट्रान्सपोर्ट एजंट आणि फास्टॅग दोन्ही.

माल वाहायचे ते बैलांच्या पाठीवर. मीठ, धान्य, कापूस यांचे तांडेच्या तांडे लमाण लोक घेऊन जात. सैन्य चाललं की सैन्याबरोबर, नसेल तर बाजाराला. आज हैदराबाद रोडला मुळेगाव तांडा आहे, दक्षिण सोलापूर तालुक्यात आणखी कितीतरी तांडे आहेत. तांडा हा शब्द वस्तीला लागला तो या चालत्या बाजारामुळेच. पुढे गाड्या आणि रेल्वे आली, बैलांच्या पाठीवरचा व्यापार बसला, आणि जे कायम रस्त्यावर होते ते रस्त्याच्या कडेला बसले. रस्त्याचा इतिहास सांगताना राजे आणि साहेब यांच्या आधी या लोकांना नमस्कार केला पाहिजे.

गाडीवाट, रेल्वे आणि आडवा बांबू

मे १८१८ मध्ये जनरल मन्रोने सोलापूरचा किल्ला घेतला आणि इथली पेशवाई संपली. इंग्रजांना दोन गोष्टी दिसल्या. एक, वाटेवरच्या जकातींनी व्यापार गुदमरला आहे. दोन, गाडी चालेल असा रस्ताच नाही. वाटेवरची जुनी जकात त्यांनी १८३० च्या दशकात बंद केली. रस्त्यांचं काम मात्र सावकाश चाललं. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि पुण्याचा माल घाट उतरून मुंबईकडे चाकांवर जाऊ लागला. पण आपल्या भागात गाडी म्हणजे ओबडधोबड भरीव चाकांची, जड, पाच-सहा बैलांनी ओढायची. १८३६ च्या सुमारास जमीन मोजणी खात्यातल्या गेसफर्ड नावाच्या एका लेफ्टनंटने आपल्या जिल्ह्यात टेंभुर्णीला हलक्या गाड्या बनवून घ्यायला सुरुवात केली. एक बैलजोडी ओढू शकेल आणि शेतकऱ्याला परवडेल अशी गाडी. पुणे रोडला टेंभुर्णीच्या पुलाखालून जाताना आपल्यापैकी कोणाच्या हे मनात येतं?

रस्ता झाला की पुढचा प्रश्न, खडी कोणी टाकायची? पैसे कुठून आणायचे? उत्तर आलं, जो वापरेल त्याच्याकडून. रस्त्यावर आडवा बांबू टाकून गाडीमागे, बैलामागे, घोड्यामागे टोल. मुंबई इलाख्याचा रस्ते आणि पुलांवरच्या टोलचा कायदा १८७५ सालचा. टोल लिलावाने मक्त्याला देण्याची सोय त्यात होती. म्हणजे पेशवाईतला मक्तेदार पुन्हा आला, फक्त कागद इंग्रजीत. आणि नवल वाटेल, पण तोच कायदा दुरुस्त्या होत होत महाराष्ट्रात आजही चालू आहे. 

मधल्या काळात सोलापूरचं नशीब उघडलं ते रेल्वेने. जून १८६० मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग मोहोळवरून सोलापूरला पोचला आणि जवळजवळ दहा वर्षं इथेच थांबला. पुढे रायचूरपर्यंत तो गेला १८७१ मध्ये. मधली दहा वर्षं सोलापूर हे शेवटचं स्टेशन होतं. निजामाच्या मुलखातला आणि विजापूरकडचा माल बैलगाड्यांनी इथे यायचा आणि इथून रेल्वेने मुंबईला जायचा. त्यातच अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गाड्यांच्या रांगा, अडते, हमाल, धर्मशाळा. गावाचा कसबा झाला होता, कसब्याचं शहर झालं ते या दहा वर्षांत. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, ते हैदराबादच्या रस्त्याने. कानडी बोलणारी कुटुंबं आली, ती विजापूर आणि अक्कलकोटच्या रस्त्याने. आपल्या सोसायटीत आज तीन भाषांत हळदीकुंकवाची बोलावणी होतात, त्याचं मूळ या रस्त्यांत आहे.

१८८४ मध्ये होटगीहून विजापूरमार्गे गदगपर्यंत रेल्वे झाली आणि आपल्या विजापूर रस्त्याचं महत्त्व थोडं कमी झालं. लांबचा माल रेल्वेने जाऊ लागला. रस्त्यावर राहिल्या त्या जवळच्या गावांच्या गाड्या. सोरेगाव, वडकबाळ, नांदणी, टाकळी. सीना ओलांडायची, मग भीमा.

तीन बाजूंना तीन राज्यं

सोलापूरच्या नाक्यांचा खरा अर्थ समजायचा असेल तर स्वातंत्र्यापूर्वीचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा लागतो. सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होतं. पण उत्तरेला आणि पूर्वेला थोडं पुढे गेलं की निजामाचं राज्य. तुळजापूर निजामाचं, नळदुर्ग निजामाचं. आग्नेयेला अक्कलकोट संस्थान, भोसल्यांचं. भीमेपलीकडे मंगळवेढा सांगली संस्थानाकडे. म्हणजे घरातून देवीच्या दर्शनाला निघालेला माणूस दुपारपर्यंत परराज्यात पोचायचा.

निजामाच्या राज्यात जकातीचं स्वतंत्र खातं होतं. त्याला करोडगिरी म्हणत. आत जाणाऱ्या मालावर शेकडा पाचच्या आसपास जकात पडायची. तुळजापूरच्या जत्रेला कापड घेऊन जाणारा सोलापूरचा व्यापारी करोडगिरीच्या नाक्यावर गाठोडं सोडून दाखवायचा. आपल्या सोसायटीतल्या ज्येष्ठांनी हे सगळं आपल्या आजी-आजोबांकडून ऐकलेलं असणार. लग्नाचा बस्ता बांधून सासरी निघालेल्यांनाही गाठोडं सोडावं लागल्याच्या गोष्टी घराघरांत आहेत.

१९४७-४८ मध्ये या हद्दीला वेगळाच रंग चढला. रझाकारांच्या भीतीने निजामाच्या मुलखातली कुटुंबं मिळेल त्या वाटेने सोलापूरकडे आली. बायकामुलं, गुरं, डोक्यावर भांडी. बोरामणीच्या आणि तुळजापूरच्या रस्त्याने येणाऱ्यांना त्या वेळी नाका दिसला म्हणजे जीव वाचला असं वाटायचं. आयुष्यभर जो अडवतो म्हणून शिव्या खाल्ल्या, तोच नाका त्या वर्षी सुरक्षिततेची खूण झाला. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सैन्याची मुख्य तुकडी मेजर जनरल चौधरींच्या हाताखाली सोलापूरहूनच निघाली, हैदराबादच्या रस्त्याने. पहिली चकमक नळदुर्गला. चार-पाच दिवसांत निजाम शरण आला. आज आपण त्या रस्त्याने हैदराबादला लग्नाला जातो तेव्हा नळदुर्गचा किल्ला आला की गाडीतल्या लहान मुलांना हे सांगावं, एवढी विनंती.

एकाच दिवशी एक हद्द पुसली, एक आखली

पुढची तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. १ नोव्हेंबर १९५६. भाषावार राज्यपुनर्रचना अमलात आली. हैदराबाद राज्य संपलं आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. म्हणजे तुळजापूर रस्त्यावरची राज्याची हद्द त्या दिवशी कायमची पुसली गेली. आणि त्याच दिवशी विजापूर जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. शेकडो वर्षं एका सत्तेखाली असलेला आपला विजापूर रस्ता भीमेपाशी दोन राज्यांत विभागला.

इतिहास शिकवताना मी हे उदाहरण नेहमी देत असे. हद्द म्हणजे काही डोंगर किंवा नदी नाही, ती कागदावर ठरते. भीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गावांत सोयरिकी तशाच राहिल्या. बाजार तेच, खंडोबा आणि सिद्धेश्वर तेच. भीमा-सीना संगमावर हत्तरसंग कुडलला शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख सापडला आहे, तो कानडी मुलखाच्या दारात. दोन्ही भाषा त्या संगमावर हजार वर्षांपासून शेजारी राहत आहेत. पण एस.टी.ची पाटी बदलली, शाळेचं पुस्तक बदललं आणि मालट्रकला दोन राज्यांचे परवाने लागायला लागले. आता विजापूरचं अधिकृत नाव विजयपुरा झालं, तरी आपल्या रोडला कोणी विजयपुरा रोड म्हणत नाही. म्हणणारही नाही.

जकात नाका

आता आपल्या आठवणीतल्या नाक्याकडे येऊ. सोलापूरची नगरपालिका १८५२ सालची. १ मे १९६४ रोजी महानगरपालिका झाली. शहरात येणाऱ्या मालावर जकात घेण्याचा हक्क तिला होता. महाराष्ट्रातल्या बहुतेक महापालिकांचं सगळ्यात मोठं उत्पन्न हेच होतं. शहरात येणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर हद्दीपाशी एक नाका. एक खोली, समोर पत्र्याची शेड, आडवा बांबू, त्याला एका टोकाला दगड बांधलेला. आत टेबल, कंदील किंवा पिवळा बल्ब, दराचं पुस्तक, पावती पुस्तक आणि कार्बन पेपर.

ट्रक आला की क्लीनर उतरून बिल्टी आणि बिल घेऊन खिडकीशी जायचा. माल शहरात उतरणार असेल तर वजनावर किंवा किमतीवर जकात. नुसता शहरातून पुढे जाणार असेल तर वेगळा कागद, तो दुसऱ्या नाक्यावर बाहेर पडताना द्यायचा. पुण्याहून येऊन हैदराबादला जाणारा ट्रक पुणे नाक्यावर आत आला आणि बोरामणी नाक्यावर बाहेर पडला, एवढंच सिद्ध करण्यासाठी हा खटाटोप. माल परत बाहेर गेला तर परतावा मागायचा आणि त्यासाठी हेलपाटे घालायचे.

नाका म्हटलं की भोवती एक छोटं गाव आलंच. चहाची टपरी, पंक्चरवाला, ढाबा, हवा भरायचं मशीन, विडीकाडीचं दुकान, बैलांना नाल मारणारा, रात्री घोंगडी पांघरून झोपलेले हमाल. कित्येक सोलापूरकरांची पहिली कमाई नाक्यावरची. टपरीतून हॉटेल झालं, पंक्चरच्या दुकानातून टायरची एजन्सी झाली. "कुठं भेटायचं?" "नाक्यावर ये की." शहरातले सगळे निरोप, सगळ्या लिफ्टा आणि कोजागरीला तुळजापूरला चालत निघणाऱ्यांचे सगळे गट नाक्यावर जमायचे. तुळजापूर नाक्यावरून रूपाभवानीला हात जोडून लाखो पावलं अजूनही दरवर्षी निघतात. नाका बंद झाला तरी ती सवय सुटलेली नाही.

जकातीला सगळे कंटाळले होते, यात शंका नाही. ट्रक तासन्‌तास उभे. डिझेल जळायचं, भाजी सुकायची, चालक वैतागायचा. चोरट्या वाटांनी माल यायचा आणि पैसे टेबलाखालून जायचे, असं गावभर बोललं जायचं. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दिव्याचा खांब, झाडूवाल्याचा पगार, पालिकेची शाळा, दवाखाना, पाण्याचे पाइप, हे सगळं त्या बांबूमुळे चालायचं. आणि तो पैसा रोज, रोख, शहराच्या हातात यायचा. मुंबईच्या मंत्रालयाकडे हात पसरावा लागायचा नाही.

२०१० नंतर राज्य शासनाने एकेका महापालिकेची जकात बंद करून स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आणला. आपल्याकडेही तो आला. नाके उठले. व्यापाऱ्यांनी एलबीटीलाही विरोध केला. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आतल्या उलाढालीला तो माफ झाला, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर सगळंच संपलं. आता शहराला राज्याकडून अनुदान येतं. येईल तेव्हा येतं. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं तेव्हा आपण महापालिकेला बोल लावतो. शहराच्या हातातला रोजचा पैसा गेला आणि त्याच्या जागी वाट बघणं आलं, हेही त्या वेळी आठवावं. नाका गेल्याचा आनंद मलाही झाला होता. त्याची किंमत आपण कुठून तरी देतोच आहोत, एवढंच म्हणायचं आहे.

नाक्यापलीकडचे आपण

नाका नेहमी शहराच्या कडेला असतो. म्हणूनच तो कधी एका जागी टिकत नाही. वेस गावाच्या कडेला होती, गाव वाढलं आणि वेस आत गेली. मग नाका कडेला आला. शहर वाढलं आणि नाकाही आत गेला, त्याच्या नावामागे "जुना" लागलं. १९९२ साली हद्दवाढ झाली. बाळे, केगाव, शेळगी, दहिटणे, सोरेगाव, मजरेवाडी, कुमठे अशी गावं शहरात आली आणि सोलापूर १७८ चौरस किलोमीटरचं झालं. "हद्दवाढ भाग" हा शब्द सोलापुरी मराठीत कायमचा आला, तो तेव्हापासून.

आपली सोसायटी याच काळातली. आपण पुढे कागदावर शहरात होतो, पण लोकांच्या मनात नाक्याबाहेर. नातेवाईक म्हणायचे, "एवढ्या लांब? संध्याकाळनंतर रिक्षा मिळते का तिकडं?" कर शहराचा, सोयी खेड्याच्या, असे पहिले काही दिवस गेले. ड्रेनेज उशिरा आलं, दिवे उशिरा आले. जे नाक्याबाहेर असतात त्यांनी आधी पैसे द्यायचे आणि मग वाट बघायची, हा नियम बैलगाडीवाल्यांपासून चालत आला आहे. आपणही त्यातून गेलो. आज आपल्या पलीकडे सैफुल, सोरेगाव आणि त्याहीपुढे प्लॉट पडले आहेत. आता तिकडच्यांना आपण विचारतो, "एवढ्या लांब?"

आणि नाका खरोखर संपला का? सोलापुरातून कुठल्याही बाजूला निघा. पुण्याकडे गेलात तर सावळेश्वर. तुळजापूरकडे गेलात तर तामलवाडी. हैदराबादकडे गेलात तर फुलवाडी. तामलवाडी धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यात आहे. म्हणजे जिथे पूर्वी निजामाची हद्द लागायची, त्याच पट्ट्यात आज टोल लागतो. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, त्यामुळे काच खाली करावी लागत नाही, सुट्ट्यावरून वाद होत नाही आणि बांबूच्या जागी आलेला लाल-पांढरा दांडा आपोआप वर जातो. आपल्याला कळतही नाही की आपण वेस ओलांडली. पैसे कापल्याचा मेसेज येतो तेवढाच.

केगावहून हत्तूरकडे जाणारा बाह्यवळण रस्ता झाल्यावर बरीच जड वाहनं शहराबाहेरून जाऊ लागली. ते चांगलंच झालं. विजापूर रोडवर रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागायचा, हे आपल्यातल्या प्रत्येक आईला माहीत आहे. पण चौकाचं गाव हळूहळू वळणाचं गाव होत आहे, याचीही नोंद घ्यावी. पूर्वी वाट सोलापूरच्या पोटातून जायची, थांबायची, चहा प्यायची, काहीतरी ठेवून जायची. आता ती शहराला वळसा घालून जाते.

आपल्या गेटवर

शेवटी एक गोष्ट सभासदांपुढे ठेवतो, कोणी रागावू नये.

मागच्या काही वर्षांत आपण गेट लावलं, आडवा दांडा बसवला, रखवालदार नेमला, नोंदवही ठेवली. सुरक्षेसाठी हे गरजेचंच होतं. पण दुपारी बाराला गेटवर उभं राहून बघा. भाजीवाली मावशी, गॅसचा माणूस, पार्सल आणणारी पोरं, धुण्याभांड्याच्या बायका, सगळे नाव लिहीत उभे असतात. "कुणाकडं? किती वेळ?" गेल्या सभेत फेरीवाल्यांकडून महिना काही रक्कम घेऊन आत सोडावं, अशी सूचना आली. ती लांबणीवर पडली आहे. पुढच्या सभेत ती पुन्हा येईल तेव्हा हा लेख वाचलेल्यांनी एवढं लक्षात ठेवावं की आपण ज्याला नको म्हणालो तोच नाका आपल्याच दारात उभा करायचा का, हा तो प्रश्न आहे. माझं मत नको असं आहे. नोंद ठेवा, पैसे घेऊ नका. उन्हात उभं राहणाऱ्यासाठी गेटजवळ सावली आणि पाण्याचा माठ ठेवा. जुन्या वेशींवर पाणपोई असायची, ती परंपरा तरी पुढे न्यावी.

दुसरी विनंती कार्यकारिणीला. आपल्यात असे काही ज्येष्ठ आहेत ज्यांनी नाका आतून किंवा बाहेरून पाहिला आहे. कोणी पावत्या फाडल्या, कोणी ट्रक चालवला, कोणी नाक्याशेजारी दुकान थाटलं, कोणाच्या आईवडिलांनी १९४८ साली हद्द ओलांडली. त्यांच्या आठवणी एका वहीत उतरवून घ्याव्यात. पन्नास पानी वही आणि दोन कॉलेजची मुलं एवढं पुरेल, रविवारी सकाळचा वेळ आहेच. ही वही सोसायटीच्या ऑफिसात वाचायला ठेवावी. जमलं तर गेटजवळ एक छोटी पाटी लावावी, विजापूर नाका म्हणजे काय, हे चार ओळींत सांगणारी. आपली नातवंडं "नाक्याच्या पलीकडं राहतो" असं सांगत मोठी होणार आहेत. पलीकडं म्हणजे कशाच्या पलीकडं, हे त्यांना ठाऊक असावं.